शेवटच्या कुस्तीचा फेटा

॥ श्री ॥

धुळे,
ता. २० नोव्हेंबर १९५५

चि. गं. भा. सुंदर हिस,
जीवभाऊचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळे धड आहेत. तिकडचं काही कळत नाही, म्हणून लिहायला बसलो.

भाऊबीजेला तू आली नाहीस. तुझ्या वहिनीनं तुझा फराळ दोन दिवस झाकून ठेवला आणि तिसऱ्या दिवशी माझ्याच पुढ्यात सरकवला. बहिणीचा वाटा भावानं खाल्ला, असं अख्ख्या धुळ्यात आमच्याच घरी झालं असेल. पोट सुटलंय. तालमीतली पोरं मागून म्हणतात की वस्ताद हौद्यात उतरले तर माती बाहेर सांडेल.

हिलालबद्दल लिहायचं आहे. तुझ्यापुढं हे नाव काढायला मला पावणेदोन वर्षं लागली. आईबाप नसलेला, आठ वर्षं माझ्या हाताखाली वाढलेला पोरगा. तुमच्या गावच्या जत्रेत आमच्या मेहुण्यांची, रुपचंदरावांची, शेवटची कुस्ती त्याच्याशी झाली, आणि ती जोड मीच सुचवली होती.

त्याचा हात सुटतो. मोळी हा त्याचा हुकमी डाव. तुला सांगायला नको, गड्याची मान आणि पाय एकत्र आवळायचे, लाकडाची मोळी बांधतात तसे, आणि पाठीवर टाकायचा. आता मान हातात आली की त्याची बोटं आपोआप उघडतात. जिंकत आलेल्या सात कुस्त्या त्यानं या वर्षात अशा सोडल्या. एप्रिलात पुण्याला राज्याच्या निवडीच्या कुस्त्या आहेत. तिथं निघाला तर पुढची दारं उघडतील, अगदी वर्षाअखेरच्या परदेशातल्या सामन्यांपर्यंत. तीन वर्षांपूर्वी आपल्या राज्यातल्या एका पहिलवानानं तिकडून पदक आणलं, त्याचं पेपरातलं चित्र हिलालनं तालमीच्या भिंतीवर खळीनं चिकटवलं होतं. आता तो त्या भिंतीकडं पाठ करून बैठका मारतो.

तू त्याला दोन ओळी लिही. मनात काही नाही, माफ केलं, एवढंच. तुझ्या हातचं अक्षर त्याला पाहिजे.

तुझ्या सासऱ्यांना, आबांना, माझा नमस्कार सांग. थोरल्या भावावर माया आहे ती तशीच राहू दे.

तुझा,
जीवराम

॥ श्री ॥

पिंपरथड, ता. भडगाव,
ता. ४ डिसेंबर १९५५

ती. जीवभाऊंस,
सुंदरचा शि. सा. नमस्कार. पत्र मिळून दहा दिवस झाले. कापसाची वेचणी चालू आहे. संध्याकाळी बोटांना बोंडांचे काटे लागलेले असतात आणि टाक धरवत नाही, म्हणून उशीर झाला.

आबांना दमा आहे, पण थंडीत असतो तेवढाच. सकाळी कळण्याची भाकरी खातात आणि तालमीच्या ओट्यावर जाऊन बसतात. गावानं तालीम बांधली, तिच्यावर ह्यांच्या नावाची पाटी लावली, हे तुम्ही पाहिलंच नाही. वर्षश्राद्धालाही तुम्ही दारातूनच परत गेलात. पोरं हौद्यात उतरण्याआधी ह्यांच्या फोटोला हात लावतात. गावात असं बोलतात की मातीपायी जीव गेला, पण रुपचंद पहिलवानाची पाठ मातीला लागली नाही. ती कुस्ती पंचांनी ह्यांचीच धरली आणि बक्षिसाचा फेटा आबांच्या हातात दिला. जत्रेला आणि अखाजीच्या सणाला आबा तो बांधतात. बांधताना हात कापतात, म्हणून एक टोक मी धरून उभी राहते.

भाऊ, माफीचं विचारणारे तुम्ही पहिले नाही. जत्रेचे पंच येऊन गेले. डफ वाजवणारा वना आला, म्हणाला मी जोरात वाजवला म्हणून दोघं चढले. पार गावच्या न्हाव्यापर्यंत सगळे येऊन बसले आणि चहा पिऊन गेले. मी काही माफीचं दुकान मांडलेलं नाही. मला आता कंटाळा येतो. माणूस माझा गेला आणि लोकांची समजूत काढायचं कामही माझ्याच वाट्याला आलं.

हिलालला मी लिहिणार नाही. माझ्याकडं द्यायला माफी नाही. राग आहे म्हणून नाही असं समजू नका. नाही, एवढंच समजा.

मला वाचायला तुम्ही कुणी शिकवलं नाही. ह्यांना पेपरातल्या कुस्त्या ऐकायच्या असत आणि ह्यांना अक्षर येत नसे, म्हणून भाच्यांच्या पाटीवरून मी शिकले. तालमीत शिळा पेपर अजून येतो. मी अजून कुस्त्यांचंच पान आधी उघडते. हिलालच्या सात कुस्त्यांपैकी चार मला तुमच्या पत्राआधीच माहीत होत्या.

वहिनींना नमस्कार. रागावलात तरी पत्र बंद करू नका.

आपली,
सुंदर

॥ श्री ॥

धुळे,
ता. २३ जानेवारी १९५६

चि. सुंदर हिस आशीर्वाद.

कार्डच लिहितो. मोठं लिहिण्याची ताकद नाही.

संक्रांतीच्या कुस्त्यांच्या दंगलीत हिलालनं मोळी बांधली आणि सोडली. समोरचा काल मिसरूड फुटलेला पोरगा होता. त्यानं याला चीत केला. लोक हसले. दुसऱ्या दिवशी हिलालनं माझ्या पाया पडून लंगोट खुंटीला अडकवला आणि अमळनेरला गेला. तिथं तेलाच्या मिलमध्ये पोती उचलतो. मी आणायला गेलो तर म्हणाला, वस्ताद, पोत्याला मान नसते.

राग असेल तर माझ्यावर काढ. जोड मी लावली. मेहुणा आणि शिष्य, दोघं माझेच, कुणीही जिंकला तरी घरातच राहील, असा माझा हिशोब होता. पण त्या पोराला सोड.

भावावरचं मन इतकं घट्ट करू नकोस.

जीवराम

॥ श्री ॥

पिंपरथड,
ता. १२ फेब्रुवारी १९५६

ती. जीवभाऊंस,
शि. सा. नमस्कार. तुमचं कार्ड पोस्टमननं ओट्यावर आबांच्या हातात दिलं. आबांना वाचता येत नाही ते बरं झालं.

काल आमच्याकडची जत्रा झाली. दोन वर्षं झाली. डफ सुरू झाला तेव्हा मी भांडी घासत होते. त्याही दिवशी भांडीच घासत होते. बायका मैदानात जात नाहीत, तेव्हा मी फक्त ऐकलं. डफ वाढत गेला आणि एकदम थांबला. जिंकल्यावर डफ थांबत नाही.

आता लिहिते ते नीट वाचा.

त्या जत्रेच्या तीन आठवडे आधी आमची कापसाची गाडी गिरणेच्या पात्रातल्या वाळूत रुतली होती. बैल निघेनात. ह्यांनी जू स्वतःच्या मानेवर घेतलं आणि गाडी काढली. घरी आले ते हसतच आले. पण रात्री उजव्या हाताची बोटं बधीर झाली. सकाळी हातातून लोटा पडला. घास नीट धरवेना, म्हणून आबांचं जेवण उरकल्यावर एकटेच जेवायला बसायचे, डाव्या हातानं. मी निर्गुडीच्या तेलानं मान चोळायची आणि विटेनं शेकायची. म्हटलं, वैद्याला दाखवा. म्हणाले, पंचांनी जोडीचा नारळ फोडला आहे, आता माघार घेतली तर आबा गावात मान वर करणार नाहीत. स्वतःची शपथ घातली. एवढी जत्रा होऊ दे, म्हणाले.

मी एवढी जत्रा होऊ दिली.

जळगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी आबांना विचारलं होतं की मानेला आधी काही लागलं होतं का. आबा म्हणाले, नाही. मी दारात उभी होते. पदर दातात धरला होता. ह्यांचे डोळे उघडे होते आणि ते माझ्याकडंच बघत होते. मी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी गेले, मग बोलून काय, असं वाटलं. मग पाटी लागली, फेटा आला, आबांनी तो बांधला. जितके दिवस जात गेले तितकं तोंड जड होत गेलं.

म्हणून माझ्याकडं माफी नाही. हिलालनं जी मान धरली ती आधीच मोडलेली होती. ते त्याला माहीत नव्हतं. मला होतं. त्या तेलाची बाटली अजून कोनाड्यात आहे, अर्धी. टाकवत नाही आणि वापरवतही नाही.

एक विचारायचं आहे. तुम्ही हौद्याच्या कडेला होतात. ह्यांची पाठ लागली होती का? खरं सांगा. मी पहिलवानाची बायको होते, मला सहन होईल.

आपली,
सुंदर

॥ श्री ॥

धुळे,
ता. २१ फेब्रुवारी १९५६

चि. सुंदर हिस,
आशीर्वाद देतो, पण हात जड झाला आहे. तुझं पत्र तुझ्या वहिनीलाही दाखवलं नाही.

लागली होती. दोन्ही खांदे लागले. मी बघितलं, पंचांनी बघितलं, पुढच्या दोन रांगांनी बघितलं. हिलालनं हात सोडला आणि सलामीला हात पुढं केला, तेव्हा रुपचंदराव उठले नाहीत. त्यानंतर ती कुस्ती कुणाची, हे बोलायची कुणाची छाती झाली नाही. मी हिलालचा वस्ताद. मी बोलायला पाहिजे होतं. पण मी तुझा भाऊही होतो.

आता माझं ऐक. जे झालं ते झालं. पाटी आहे, पोरं फोटोला हात लावतात, म्हाताऱ्याचे थोडे दिवस राहिले आहेत. तू हे गावात काढलंस तर रुपचंदरावांचं नाव जाईल आणि तुझंही. आबांनी तुला घराबाहेर काढलं तर मी आहे, पण ती वेळ आणू नकोस. हिलालला फक्त माफ केलं म्हणून लिही. पोराला एवढ्यानं पुरेल. निवडीला सात आठवडे आहेत.

तुझ्या भल्याचं सांगणारा दुसरा कुणी नाही, एवढं ध्यानात धर.

जीवराम

॥ श्री ॥

पिंपरथड,
ता. ४ मार्च १९५६

चि. हिलाल यास,
सुंदरबाईचे आशीर्वाद. या पत्राबरोबर एक पुडकं आहे. ते पत्र वाचल्यावर सोड.

तू मला ओळखतोस, पण आपण कधी बोललो नाही. मी रुपचंद पहिलवानांची बायको. वस्ताद म्हणतात की तुला माफ केलं असं लिहावं. ते मी लिहिणार नाही. माफ केलं म्हटलं की तू काहीतरी केलंस असं ठरतं, आणि मग ते तुझ्या हाताला जन्मभर चिकटेल. तू काही केलेलं नाहीस. तू कुस्ती केलीस.

ह्यांची मान तीन आठवडे आधीपासून दुखावलेली होती. गाडीचं जू मानेवर घेतलं होतं. उजव्या हाताला बोटं नव्हती म्हटलं तरी चालेल. ते लपवून ते हौद्यात उतरले, आणि मी ते लपवलं. हे तुला दोन वर्षांपूर्वी सांगायला पाहिजे होतं. तेव्हा सांगितलं नाही, हा माझा अपराध. तुझ्या सोडलेल्या कुस्त्या मी पेपरात वाचत होते आणि गप्प होते.

गेल्या सोमवारी मी आबांना सांगितलं. ते चुलीपुढं शेकत बसले होते. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, तुले माहीत व्हतं का. मी हो म्हटलं. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत आणि माझ्या हातचं जेवले नाहीत. समोरच्या नथ्थूच्या घरून भाकर आणली. मी माझं गाठोडं बांधून ठेवलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीजवळ आबा फेटा धूत बसलेले दिसले. सबंध फेटा, अठरा हात. मी घेऊ लागले तर देईनात. पिळताना मात्र एक टोक माझ्या हातात दिलं. वाळल्यावर स्वतः घडी केली. कुस्ती त्यानी शे, फेटा बी त्याना शे, त्याले दी टाक, म्हणाले. मग माझ्या गाठोड्याकडं बघितलं आणि म्हणाले की हे सोड, मला भूक लागली आहे.

हा तो फेटा. दोन वर्षं उशिरा पोचतो आहे.

पुण्याला जायचं की पोती उचलायची, हे तुझं तू ठरव. मी आग्रह करणार नाही. आग्रहानं हौद्यात उतरलेल्या माणसाचं काय होतं ते मी बघितलं आहे.

जेवणाची आबाळ करू नकोस. मिलच्या खाणावळीत तूप कसलं असतं ते मला माहीत आहे.

सुंदरबाई

॥ श्री ॥

अमळनेर,
ता. १४ मार्च १९५६

ती. सुंदरअक्कास,
हिलालचा दंडवत. माझं अक्षर वाईट आहे. मिलमधल्या कारकुनाकडून लिहून घेणार होतो, पण हे दुसऱ्याला सांगण्यासारखं नाही.

पत्र तीन वेळा वाचलं. पहिल्यांदा राग आला. दोन वर्षं मी जेवायला बसलो की माझे हात बघतो. घास तोंडापर्यंत येईस्तोवर भूक जाते. ही दोन वर्षं मला कोण परत देईल, असं वाटलं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा रुपचंददादांचा राग आला. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा एक आठवलं. ते मी वस्तादांनाही सांगितलेलं नाही.

कुस्तीआधी सलामीला दादांनी हात दिला तो अगदी ढिला होता. बोटं गार. पहिलवान असा हात देत नाही. मला वाटलं हे मला पोरगा समजतात, कमी लेखतात. त्या रागात मी पहिल्या झटक्यालाच मोळी घातली. नाहीतर मी मोळी उशिरा घालतो, आधी गड्याला दमवतो. तो हात माझ्या मनातून जात नव्हता. कुस्ती रागानं केली, हे मला टोचत होतं. मान हातात आली की तोच ढिला हात आठवायचा.

आता तो हात तसा का होता ते कळलं. त्यांनी मला कमी लेखलं नव्हतं. त्यांच्याकडं होता तेवढा हात दिला.

फेटा ठेवला आहे. बांधला नाही अजून. मिल सोडली. मुकादम म्हणाला, पहिलवान, पोती हलकी झाली वाटतं. उद्या धुळ्याला जातो.

आबांना सांगा की मी त्यांच्या समोर येईन, पण पुण्यानंतर.

पोर समजून असंच खरं सांगत जा.

आपला,
हिलाल

॥ श्री ॥

पिंपरथड,
ता. १६ मे १९५६

ती. जीवभाऊंस,
शि. सा. नमस्कार. पुण्याहून टाकलेलं तुमचं कार्ड पोचलं होतं. हिलाल दुसऱ्या फेरीत हरला हे कळलं. मातीऐवजी गादी, तिच्यावर पाय सरकतो, गुणांची कुस्ती आपल्याला जमत नाही, हे तुम्ही लिहिलंत ते मी आबांना वाचून दाखवलं. पण कार्डाच्या कडेला तुम्ही आडवी ओळ लिहिली होती की दोनदा मान धरली आणि दोनदाही हात सुटला नाही. ती ओळ त्यांनी मला पुन्हा वाचायला लावली.

गावाचं विचारलं होतंत. आबांनी चावडीवर स्वतः सांगितलं. काही जण म्हणाले की म्हाताऱ्याला भ्रम झाला. काही जण माझ्याशी बोलत नाहीत. पाणवठ्यावर मी गेले की जागा लवकर होते, तेवढंच सोयीचं. पाटी काढायची का असं पंचांनी विचारलं. आबा म्हणाले, पाठ लागली म्हनीसन काय तो पहिलवान नव्हता का. पाटी आहे. पोरं अजून फोटोला हात लावतात. मला मात्र आता त्या रस्त्यानं जाताना खाली बघावं लागत नाही.

अखाजीला हिलाल आला. फेटा बांधून आला होता, वेडावाकडाच. दारात उभा राहिला आणि पुढं येईना. आबांनी त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाले की पहिलवानाला फेटा बांधता येत नसेल तर वस्तादाला दंड केला पाहिजे. म्हणजे तुम्हाला, भाऊ. मग आबांनी तो सोडून पुन्हा बांधला. एक टोक मीच धरलं.

ह्यांच्या नावाची पितरांची घागर यंदा हिलालनं गिरणेवरून भरून आणली. पुरणपोळ्या किती खाल्ल्या ते लिहीत नाही, दृष्ट लागेल.

जेवण झाल्यावर आबांनी त्याला अंगणात बोलावलं आणि पुण्याच्या गड्याला कसं धरलं ते दाखव म्हणाले. हिलाल हवेत हात करून दाखवू लागला. आबांनी सदरा काढला आणि स्वतःची मान पुढं केली. धर म्हणाले. सत्तरीचं माणूस, दमेकरी. हिलालनं माझ्याकडं बघितलं. त्यानं हात नुसता ठेवला. आबा म्हणाले, आजून आवय. त्यानं आवळला. आबांचा चेहरा लाल झाला, तरी सोड म्हणेनात. मी मनात आकडे मोजत होते. मग त्यांनीच त्याच्या मांडीवर थाप मारली, तेव्हा त्यानं सोडला. हात आपणहून सुटला नाही. दोघं तिथंच अंगणात बसून राहिले. मी आत पाणी आणायला गेले ती जरा जास्त वेळ आत थांबले.

पुढच्या वर्षी तो पुन्हा पुण्याला जाणार म्हणतो. त्याला गादी आधी शिकवा, असं आबांनी तुम्हाला सांगायला लावलं आहे. तुम्हीही शिका म्हणतात, पोट कमी होईल.

दुसऱ्या दिवशी आबांची मान धरली. इकडची तिकडं होईना. वैद्याला बोलावते म्हटलं तर नको म्हणाले, घरात तेल असेल की. कोनाड्यातली बाटली काढली. बूच चिकटलं होतं, सांडशीनं काढावं लागलं. तीन दिवस चोळलं, आज मान फिरते आहे. बाटली रिकामी झाली. धुऊन उन्हात पालथी घातली आहे.

वहिनींना नमस्कार. दिवाळीला येईन. माझा वाटा या वेळी मला राहू द्या.

आपली,
सुंदर